शेतकऱ्याची सायकल : तिची बसविणी व निगा

सायकल ही खेडेगांवांत एके काळीं मास्तर, टपालवाला आणि क्वचित् एखाद्या सधन घरचा हौशी मुलगा यांच्याकडेच दिसे. पुढें ती घरोघर आली, आणि आतां मोटारसायकलींचा सुळसुळाट झाल्यावर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली आढळते. तथापि तिचें काम संपलें असें समजण्याचें कारण नाहीं. पहाटे दूध डेअरीवर पोंचविणें, वस्तीवरून मळ्यांत भाकर नेणें, पाण्याची पाळी पाहून येणें, मुलामुलींनीं शेजारच्या गांवच्या शाळेंत जाणें, हीं कामें पुष्कळ घरांत अद्यापि सायकलच करीत आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतूनहि अनेक विद्यार्थिनींस सायकली मिळाल्या आहेत. बैल लंगडूं लागला तर आपण तत्काळ त्याचा खूर पाहतों. परंतु सायकलीची साखळी चार महिने कुरकुरत असली तरी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. हें दुर्लक्ष नुसत्या पैशाच्या नुकसानीवर भागलें तर एक वेळ चालेल. पण उतारावर ब्रेक लागला नाहीं किंवा चालत्या सायकलीचें हँडल हातांत फिरलें, तर हात मोडतो, डोकें फुटतें, आणि पुष्कळदां तें शाळेंत जाणाऱ्या पोराचें असतें.

शेतीचा आणि सायकलीचा संबंध वाटतो त्यापेक्षां जुना आहे. ज्यांच्या लोखंडी नांगरांनीं आपल्याकडील कठीण जमिनी फोडल्या त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलच्या दुकानांत झाला. कडबा कापण्याचें यंत्र आणि नांगर हीं मागाहून आलीं, व किर्लोस्करवाडी तर १९१० सालची. त्याच १८८८ सालीं आयर्लंडांतील बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. मूळ युक्ति त्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं केली होती. हा डनलॉप धंद्यानें गुरांचा डॉक्टर होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मागील चाकास साखळीनें गति देणारी आजच्या घडणीची सायकल त्यापूर्वीं तीनच वर्षें, म्हणजे १८८५ सालीं, इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें बाजारांत आणिली. आपल्या दारांत उभी असलेली काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची सायकल मूळ त्याच वंशाची आहे. तिचे सर्व भाग डोळ्यांसमोर उघडे आहेत. चाडें आणि तिफण ज्याला जुळवितां येते त्याला ही सायकल समजण्यास कांहींच अडचण नाहीं. या लेखांत मुख्यतः तिच्याचविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम बसणाऱ्याच्या मापाचा विचार केला पाहिजे, कारण नव्याण्णव सायकली ज्या स्थितींत दुकानांतून येतात त्याच स्थितींत मोडेपर्यंत चालविल्या जातात. बापाची उंची पावणेसहा फूट, मुलीची पांच फूट, आणि सीट मात्र दोघांनाहि एकच! मोठ्या माणसांच्या सायकली बहुधा बावीस व चोवीस इंची सांगाड्याच्या मिळतात. आडवी दांडी दोन पायांमध्यें घेऊन पावलें जमिनीवर सपाट टेकून उभें राहिलें असतां दांडी अंगाला न लागतां इंच दोन इंच मोकळी राहिली, तर तो सांगाडा आपल्या मापाचा समजावा. मूल वाढतें आहे म्हणून एक माप मोठी सायकल घेण्याची काटकसर अगदीं खोटी आहे. अंगरखा सैल चालतो. सायकल चालत नाहीं. दांडीखालून पाय घालून वांकड्या अंगानें सायकल रेटणाऱ्या मुलाचा एक हात हँडलवर आणि दुसरा सीटवर असतो. म्हणजे त्याच्या हाताशीं दोहोंपैकीं फार तर एक ब्रेक असतो, आणि बहुधा तोहि पोंचत नाहीं.

सीटची उंची ठरविण्याची रीति सोपी आहे. सायकल भिंतीला टेकून तीवर बसावें, पायडल अगदीं खालीं न्यावें आणि त्यावर टांच ठेवावी. कमर एका बाजूस न कलतां पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर झाली. चालवितांना पायडलवर टांच न ठेवतां पावलाचा पुढचा रुंद भाग ठेवावयाचा असतो. त्यामुळें खालच्या टोंकालाहि गुडघा आपोआप थोडासा वांकलेला राहतो, आणि तसाच तो राहावयास पाहिजे. आपल्याकडे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत म्हणून सीट पार खालीं बसविण्याची चाल पडली आहे. नव्यानें शिकणाऱ्यास हें ठीक आहे. परंतु रोज चार सहा मैल जाणाऱ्यानें असें केलें म्हणजे गुडघा प्रत्येक फेऱ्यास काटकोनापेक्षां जास्त दुमडतो, मांडीचें बळ फुकट जातें, आणि कांहीं महिन्यांनीं गुडघे दुखूं लागले म्हणजे दोष वाताला दिला जातो. सीटची नळी वर उचलतांना ती सांगाड्यांत निदान अडीच इंच तरी शिल्लक राहिलीच पाहिजे. बहुतेक नळ्यांवर तशी खूण असते. त्याहून वर काढल्यास नळी वांकते, नाहीं तर सांगाड्याचा सांधा फाटतो. सीटचें पृष्ठ जवळजवळ सपाट असावें. नाक खालीं झुकलें तर सारा भार मनगटांवर येतो. वर उचललें तर काय होतें तें अनुभवी माणसास सांगावयास नको.

हँडल सीटच्या बरोबरीला किंवा तिच्याहून इंचभर वर असावें. तें वरखालीं करण्यासाठीं मधला बोल्ट दोन तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लांकडाचा तुकडा ठेवून हातोडीनें एक ठोका द्यावा, म्हणजे नळीच्या आंत घट्ट बसलेली पाचर सुटते. बोल्ट पुरता काढूं नये. येथें एक गोष्ट फार जण विसरतात. दांडीच्या ब्रेकच्या सायकलींत ब्रेकच्या दांड्या हँडललाच जोडलेल्या असतात; हँडल अर्धा इंच वर गेलें कीं पुढील ब्रेकची दांडीहि वर ओढली जाते आणि रबरें रिमला घासूं लागतात; हँडल खालीं आलें तर ब्रेक लागेनासा होतो. म्हणून हँडल हलविल्याबरोबर दांड्यांचे सांधे सैल करून ब्रेक पुन्हां जुळविलाच पाहिजे. हँडल बसविल्यावर पुढील चाक दोन गुडघ्यांत धरून हँडलला पीळ देऊन पाहावा. पुष्कळ जोर केल्याखेरीज तें फिरतां कामा नये.

आतां चाकाकडे वळूं. बैलगाडीच्या चाकांत तुंब्याचा भार खालच्या आऱ्यांवर दाबून येतो. आरे जाड लांकडाचे असतात म्हणून तो सोसतात. सायकलीच्या स्पोकची बारीक तार असा दाब मुळींच सोसूं शकणार नाहीं, ती तत्काळ वांकेल. मग ती दोन माणसांचें ओझें कशी पेलते? तर सर्वच स्पोक आधींपासून ताणून बसविलेले असतात. ओझें पडलें म्हणजे खालच्या स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, पण तो संपत नाहीं. ताण शिल्लक आहे तोंपर्यंत तार ताठ राहते. ताणलेल्या बाजेसारखा हा प्रकार आहे. बाजेची एक दोरी ढिली झाली कीं शेजारच्या दोऱ्या जास्त ओढल्या जातात, तसाच एक स्पोक ढिला पडला कीं तो प्रत्येक फेऱ्यास सैल व घट्ट होत राहतो आणि वांकलेल्या टोंकाशीं, हबच्या भोकांत, थकून तुटतो. एक तुटला कीं शेजारचे ढिले होतात, चाक लचकतें, आणि सायकलवाल्याच्या भाषेंत ‘आउट’ येतो. या सायकलींत पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० स्पोक असतात, तें मागील चाकावर अधिक भार पडतो म्हणूनच. महिन्यांतून एकदां सर्व स्पोक दोन दोन बोटांनीं दाबून पाहावेत; जो मऊ लागेल त्याचें निप्पल रिमपाशीं पाव अर्धा फेरा आंवळावें. त्याहून जास्त एकदम आंवळूं नये. मोठा आउट काढणें हें सरावाचें काम आहे, तें दुकानांतच करवावें. पण तुटलेला एक स्पोक त्याच दिवशीं बदलावा, दूध घालून आल्यावर बघूं म्हणूं नये.

हवेच्या बाबतींत आपल्याकडे सर्वांत जास्त हयगय होते. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा आंकडा छापलेला असतो. त्यापलीकडे जाऊं नये, आणि मागील चाकांत, विशेषतः ओझें न्यावयाचें असतां, त्याच्या फार खालींहि राहूं नये. माप दाखविणारें यंत्र घरीं नसतें. तेव्हां आंगठा जोरानें दाबून पाहावा, आणि स्वार ओझ्यासह बसला असतां दुसऱ्यानें टायर न्याहाळावा. जमिनीपाशीं तो किंचित् फुगलेला दिसला तर ठीक, चपटा दिसला तर हवा कमी. कमी हवेचा टायर जड चालतो हें सर्वांस कळतें, पण त्याचें खरें नुकसान निराळें आहे. त्याची कड वरचेवर दुमडून उभ्या भेगा पडतात. दगडावर आपटलें कीं ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटून शेजारीं शेजारीं दोन भोकें पडतात. आणि टायर रिमवर सरकून ट्यूबला ओढतो, म्हणजे व्हॉल्व मुळाशीं फाटतो, जो कोणत्याहि ठिगळानें दुरुस्त होत नाहीं. पेट्रोल पंपावरील मोठ्या यंत्रानें हवा भरण्याचा मोह आवरावा. मोटारीच्या टायरला जी हवा मिनिटभर पुरते ती सायकलीच्या अरुंद ट्यूबला क्षणार्धांत भरते, आणि मग एक मोठा आवाज होतो.

रात्रीं हवा भरून ठेवलेलें चाक सकाळीं बसलेलें आढळलें तर लगेच पंक्चर समजून ट्यूब काढूं नये. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वच्या आंत एका बारीक नळीवर रबराची छोटी नळी चढविलेली असते. तिला आपण वालट्यूब म्हणतों. बाहेरून हवा आली कीं ती फुगून वाट देते आणि आंतून दाब आला कीं नळीस चिकटून वाट बंद करते. हें रबर उन्हानें व काळानें चिरतें. व्हॉल्ववर पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडा आला तर दोष तेथेंच. वालट्यूब फारच थोड्या पैशांत मिळते. वर्षांतून एकदां ती न मागतांच बदलावी.

खरें पंक्चर असेल तर ट्यूब काढून, हवा भरून, पाण्याच्या बादलींत फिरवून भोंक शोधावें हें सर्वांस माहीत आहे. ठिगळ पुढें उखडतें तें दोन कारणांनीं. भोंकाभोंवतालचा भाग कांचकागदानें नीट घासून खरबरीत केलेला नसतो, किंवा सोल्यूशन ओलें असतांच ठिगळ दाबलेलें असतें. सोल्यूशनचा पातळ थर ठिगळाहून रुंद लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे चार पांच मिनिटें, वाळूं द्यावा आणि मगच ठिगळ जोरानें दाबावें. ट्यूब आंत घालण्यापूर्वीं टायरच्या आंतल्या बाजूनें सर्व घेरावर फडकें फिरवावें. कांटा ट्यूबमधून निघतो, पण टायरमध्यें मोडून राहतो. तो तसाच ठेवला तर अर्ध्या मैलावर दुसरें पंक्चर ठरलेलें. फडकें जेथें अडकेल तेथें तो सांपडतो. नुसतें बोट फिरवूं नये. बाभळीचा कांटा बोटालाहि सोडीत नाहीं.

देशावर पंक्चरचीं दोन मुख्य कारणें. एक बाभळीचा कांटा, जो कुंपणाच्या तोडीनंतर गाडीवाटेवर पसरलेला असतो. दुसरा सराटा, ज्याला गोखरूहि म्हणतात. ही जमिनीवर पसरणारी, पिंवळ्या फुलांची वेल पावसाळ्यांत बांधावर उगवते आणि तिचें फळ वाळल्यावर असें फुटतें कीं प्रत्येक फांकेचा एक तरी कांटा वरच्या बाजूस राहतो. अमेरिकेंत ही वनस्पति बाहेरून गेली आणि तेथें इतकी माजली कीं तिकडील लोक तिला पंक्चरची वेल या अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. तिच्या नाशासाठीं १९६१ सालीं इटलींतून भुंगेरे नेऊन तेथें सोडण्यांत आले. त्यांपैकीं एका जातीची अळी फळ पोखरते, दुसरीची खोड. आपल्याकडे त्यासाठीं भुंगेरे आणण्याची जरूर नाहीं. रोजच्या वाटेवरील सराटा फूल धरण्यापूर्वीं खुरप्यानें काढावा, आणि कुंपण तोडल्यावर वाट झाडून काढावी. दोन तासांचें काम आहे.

ब्रेकविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण जिवाशीं गांठ येथेंच आहे. दांडीच्या ब्रेकचीं रबरें रिमच्या बाजूला नव्हे तर आंतल्या, तुंब्याकडील अंगाला खालून वर ओढली जातात. ब्रेक मोकळा असतां रबर आणि रिम यांत सुमारें एक सूत अंतर असावें आणि मूठ दाबली असतां ती हँडलच्या मुठीला टेकण्याच्या पुष्कळ आधीं ब्रेक पुरता लागावा. परीक्षा अशी : सायकलीशेजारीं उभें राहून पुढील ब्रेक दाबावा आणि सायकल पुढें ढकलावी, चाक न फिरतां मागचें चाक उचलूं लागलें पाहिजे. मग मागील ब्रेक दाबून ढकलावें. चाक न फिरतां घसरलें पाहिजे. चाक जरा जरी फिरलें तरी त्या सायकलीवर उतार उतरूं नये. रबरें झिजून त्यांचा धातूचा पेला रिमला लागूं लागला म्हणजे ब्रेक लागतोसें वाटतें खरें, पण तो रिम खरवडीत असतो. दांड्यांच्या सांध्यांवरील नट हे गाडीवाटेच्या हादऱ्यानें सैल होतात. एक नट निसटला कीं संपूर्ण ब्रेक गेला, म्हणून ते आठवड्यास एकदां पान्ह्यानें चाचपावेत.

पुढच्या ब्रेकला भिण्याची एक समजूत आहे. तो दाबला कीं सायकल उलटते असें म्हणतात, आणि म्हणून पुष्कळांनीं तो काढून टाकलेला असतो. एकदम कचकन दाबल्यास उलटण्याचा धोका आहे हें खरें; पण थांबतांना माणसाचा भार पुढील चाकावर ढकलला जातो, मागील चाक हलकें होतें, आणि नुसता मागील ब्रेक लावला तर चाक घसरत जातें व सायकल थांबत नाहीं. दोन्ही ब्रेक बरोबरच, मागचा किंचित् आधीं, हळूहळू दाब वाढवीत लावावेत. पावसांत तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. पोलादी रिम ओला झाला म्हणजे रबराची पकड फारच कमी होते व कोरड्या दिवसाच्या अनेक पट अंतर थांबण्यास लागतें. म्हणून पावसांत उतार येण्यापूर्वींच ब्रेक हलका लावून रिमचें पाणी पुसून घ्यावें, आणि उताराच्या माथ्यावरच वेग कमी करावा. वेग वाढल्यावर तो आवरत नाहीं. रिमवर तेलाचा थेंबहि जाऊं देऊं नये. मागें तालुक्याच्या एका दुकानांत, ब्रेक किंचाळतो अशी तक्रार केल्यावर, तेथील पोऱ्यानें रिमला सगळीकडून तेल पुसून दिलें. किंचाळणें थांबलें आणि ब्रेकहि थांबला. स्वार ओढ्यांत गेला, आणि पाणी गुडघाभरच होतें म्हणून निभावलें. तेल लागलेला रिम रॉकेलच्या फडक्यानें पुसून मग साबणाच्या पाण्यानें धुवावा, आणि रबरें कांचकागदानें घासावीत.

साखळी ताणली गेली असें आपण म्हणतों, पण साखळीच्या पट्ट्या ताणत नाहींत. प्रत्येक कडीची खीळ आपल्या भोकांत घासून झिजते. एकेक झीज केसाएवढी असते, पण शंभरावर खिळ्यांची झीज मिळून साखळी लांबते. धूळ आणि तेल यांचें मिश्रण हें सहाणेसारखें काम करतें. म्हणून साखळीवर रोज तेल ओतणारा माणूस तिला मुळींच तेल न देणाऱ्यापेक्षां फारसा शहाणा नव्हे. रॉकेलनें भिजलेल्या फडक्यानें किंवा ब्रशानें साखळी प्रथम पुसून काढावी, ती वाळूं द्यावी, मग प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या तेलाचा एक एक थेंब सोडून पायडल उलटें फिरवावें आणि शेवटीं बाहेरचें सर्व तेल कोरड्या फडक्यानें पुसून टाकावें. तेल आंत पाहिजे, बाहेर नको. उन्हाळ्यांत पंधरा दिवसांनीं आणि पावसाळ्यांत साखळी भिजली कीं त्याच दिवशीं हें करावें. करडईचें किंवा जवसाचें तेल कधींहि घालूं नये. हीं तेलें हवेंत वाळून चिकट होतात, जवसाचें तेल रंगांत घालतात तें त्याच गुणामुळें. नुसतें रॉकेल हेंहि वंगण नव्हे.

साखळीला मधोमध सुमारें अर्धा इंच झोल असावा. पायडल फिरवून चार ठिकाणीं झोल पाहावा, कारण पुढील चक्र क्वचितच अगदीं गोल असतें. जेथें साखळी सर्वांत घट्ट असेल तेथील झोल धरावा. मागील चाक ओढून झोल काढल्यावर तें चिमट्याच्या बरोबर मध्यावर आहे ना, हें पाहून मगच नट आंवळावेत. झीज मोजावयाची तर पट्टी घेऊन एका खिळीच्या मध्यापासून मोजावें : नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच कड्या बारा इंच एक सूत भरल्या म्हणजे साखळी टाकून द्यावी. चक्राचे दांते तोंवर आंकड्यासारखे वांकडे झिजले असतील तर चक्र न बदलतां नुसती नवी साखळी घालणें व्यर्थ होय. ती दांत्यांवरून उड्या मारील आणि ऐन चढावर पाय घसरून माणूस दांडीवर आदळेल. साखळीच्या जोडकडीवर जी कमानीची चाप असते तिचें बंद टोंक साखळीच्या जाण्याच्या दिशेस असावें. उलट बसविल्यास ती कशास तरी अडकून निघते.

ओझें वाहणाऱ्यांसाठीं येथेंच एक सूचना करावीशी वाटते. पुढील चक्रास ४४ दांते आणि मागील फ्रीव्हीलला १८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यास सायकल सुमारें अठरा फूट जाते. मोकळ्या सपाट रस्त्यावर हें बरोबर आहे. दोन कॅन दूध घेऊन चढ चढणाऱ्यास मात्र हें फार जड पडतें. मागें २२ दांत्यांचें फ्रीव्हील बसविलें तर एका फेऱ्यास साडेचौदा फुटांच्या आसपास अंतर कापलें जातें. वेग घटतो, पण पायावरचा जोर त्याच प्रमाणांत कमी होतो. फ्रीव्हील बदलण्याचा खर्च थोडा आणि काम अर्ध्या तासाचें आहे. चढावर रोज उतरून सायकल ढकलणाऱ्या गड्याला हें सांगून पाहावें.

ओझें बांधावयाचें तें दोन्ही बाजूंस सारखें, शक्य तितकें खालीं आणि मागील आंसाच्या अगदीं जवळ. तें आंसाच्या मागें जितकें जाईल तितकें पुढील चाक हलकें होऊन हँडल डगमगतें. दोरीचें सुटें टोंक स्पोकांत जाऊं देऊं नये. लुगड्याचा पदर आणि ओढणी यांबद्दलहि हेंच; मुलींच्या सायकलीला मागील चाकावर जाळी बसवून घेणें हा खर्च टाळण्यासारखा नाहीं.

चाकाच्या तुंब्यांत, पायडलांत आणि हँडलखालीं छर्रे असतात. त्यांचें सर्व एकाच कसोटीनें कळतें. चाक उचलून सोडावें; तें डोलत डोलत शेवटीं व्हॉल्व खालीं घेऊन थांबलें तर छर्रे मोकळे आहेत, कारण घेराचा तोच भाग बहुधा सर्वांत जड असतो. मग रिम धरून आडवें हलवावें. खटखट लागली तर कोन सैल आहे. मोकळें तर असावें पण खटखट नसावी. वर्षांतून एकदां, बरें तर पावसाळा संपल्यावर, सर्व छर्रे काढून धुवून नवें ग्रीस भरावें. दुकानदार याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, आणि कित्येक ठिकाणीं त्या नांवाखालीं खरोखरच वरून नुसतें ऑइल घालून पैसे घेतले जातात. म्हणून काम चालू असतां तेथें बसून राहावें. एक जरी छर्रा फुटलेला किंवा खड्डा पडलेला निघाला तरी त्या बाजूचे सर्वच नवे घालावेत.

पायडल फिरवितांना प्रत्येक फेऱ्यास एकदां ‘टक्’ असा धक्का पायाला लागला तर बहुधा कॉटरची पाचर सैल झालेली असते. क्रँकखालीं भक्कम लोखंडाचा आधार देऊन पाचर हातोडीनें ठोकावी आणि मग नट आंवळावा. नटानेंच पाचर ओढून घेण्याचा प्रयत्न केला तर तिचे आटे जातात. पायडल स्वतः काढावयाचें असेल तर लक्षांत ठेवावें कीं डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते तसे नसते तर चालवितां चालवितांच तें सुटून पडलें असतें. पान्हा वर धरून तो पुढील चाकाकडे ओढला तर दोन्ही बाजूंचीं पायडलें आंवळतात, मागें ओढला तर दोन्ही सुटतात. एवढें ध्यानांत असलें म्हणजे डावेंउजवें पाठ करावें लागत नाहीं.

काळ्या रानांतून पावसाळ्यांत सायकल नेल्यावर मडगार्ड आणि टायर यांमध्यें चिखल घट्ट बसतो. तो ओला असतांच काठीनें काढून पाणी ओतावें. वाळल्यावर तो टायर खरवडतो आणि मडगार्डच्या तारा वांकवितो. पाणी ओततांना हबवर जोराची धार सोडूं नये, नाहीं तर ती मातीसकट छर्ऱ्यांत जाते. कोंकणांत आणि गोमंतकांत खाऱ्या हवेमुळें गंज लवकर धरतो. तेथें रिम व हँडल तेलकट फडक्यानें पुसण्याचा प्रघात आहे, तो रिमपुरता तरी सोडावा. पण गंजाचें एक कारण सर्वत्र घडतें आणि तें आपण स्वतःच निर्माण करतों. सायकल खतांच्या पोत्यांशेजारीं उभी केलेली असते. युरिया व इतर रासायनिक खतें हवेंतील ओल ओढून घेतात आणि त्यांचा भुगा जेथें पडेल तेथील लोखंड झपाट्यानें गंजवितात. खताचें पोतें कॅरिअरवरून आणल्यास घरीं येतांच मागील चाक, स्पोक आणि साखळी पाण्यानें धुवून, पुसून, साखळीस तेल द्यावें. सायकल उन्हांत न ठेवतां सावलींत ठेवावी, आणि महिनाभर वापर नसला तरी टायरांत हवा भरून ठेवावी.

घरीं सामान फार लागत नाहीं. एक सायकलचा चपटा पान्हा, एक सरकपान्हा, एक पेंचकस, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, सोल्यूशन, ठिगळें व कांचकागद, तेलाची छोटी कुपी आणि पंप. हें सर्व एका डब्यांत घालून डबा सायकलीजवळच टांगावा. पंप ओढतांना हवा न दाबतां परत येऊं लागली तर तो बिघडला असें समजून नवा घेऊं नये. दांडा उघडून पाहिल्यास बहुधा टोंकाचा कातडी वायसर वाळून आक्रसलेला सांपडेल. त्यावर एरंडेलाचे चार थेंब घालून, बोटांनीं मळून, कड बाहेरच्या बाजूस पसरून रात्रभर ठेवावा. सकाळीं पंप पूर्ववत् हवा धरूं लागतो.